अजून नाही

राष्ट्रीय म्हणवून घ्यायचं तर प्रांताप्रांतात एक दार लागतं.
दाराला पत्ता, पत्त्याला भाडेचिठ्ठी,
चिठ्ठीवर मालकाची सही, मतदान उरकेपर्यंतची.
असा कायदा आहे. तो जकार्तात लिहिला.
तिथून समुद्र दिसतो,
बेटं दिसत नाहीत.

मी दार बघायला आलोय.
लांगुरहून सहा तास मासळीच्या होडीत,
फॉर्म पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत,
पोटात काहीच नाही, होतं ते लाटांना दिलं.

बर्नादेता रेन्याआनच्या ओसरीवर पाटी आहे.
निळ्यावर पांढरं शीड, रंग जरा ओघळलेला.
नियमात पाटीचं माप नाही,
तरी टेप लावलीच, हाताची सवय.
आत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर गरुड,
आणि कोपऱ्यात सुपावर
वाळत घातलेल्या कसावाच्या भाकऱ्या.
कार्यालयात भाकऱ्या? मी विचारलं.
"भाकऱ्या आधीपासून आहेत," ती म्हणाली,
"कार्यालय परवा आलं."

यादीत दहा नावं, संगणकानं उचललेली.
दहा माणसं मी डोळ्यांनी बघायची,
कार्ड, चेहरा,
आणि एकच प्रश्न: तुम्ही या पक्षाचे ना?

मेल्किओर माडावर होता. वरूनच ओरडला, हो!
उतरू का?
उतरा, चेहरा जुळवायचाय.
तो उतरला, छाती खरचटलेली, चेहरा जुळला.
म्हातारी काटारिना म्हणाली,
कुठला पक्ष? बर्नादेताचा? मग हो.
मास्तर नाही म्हणाले.
सही माझीच, पण ती पाण्याच्या पंपासाठी होती,
कागद कसला ते कुणी सांगितलं नाही.
मी खोडलं. बर्नादेता
तेवढ्यापुरती समुद्राकडे बघत राहिली.

सातवं नाव आगुस्तिनुस.
दारात त्याची बायको, मांडीवर जाळं,
सुई चालूच.
ईस्टरच्या आधी गेला, म्हणाली.
सही त्याचीच आहे. दोनदा वाचून केली.
गावात बाकी कुणी वाचलं नव्हतं.
तिनं जाहीरनामा आणून दाखवला.
बर्फाच्या कारखान्याचं पान दुमडलेलं होतं,
मासळी नासू नये म्हणून या बेटाला एक कारखाना,
दोन ओळींत.
दोन ओळींखाली पेन्सिलीची रेघ,
रेघेखाली आणखी एक रेघ.

माझ्या फॉर्मवर तीन चौकटी असतात.
पात्र. अपात्र.
मधली चौकट: अजून पात्र नाही.
ती परगावी गेलेल्यांची, कार्ड हरवलेल्यांची,
दर्यावर असलेल्यांची.
त्यांना मुदत मिळते.
मेलेल्यांची चौकट कुठली, ते मला पाठ आहे.
बारा वर्षं हीच नोकरी करतोय,
माझ्या हातून पक्ष पडलेत,
दोन माणसं कमी भरली म्हणून
अख्ख्या प्रांतातून पुसले गेलेत,
आणि रात्री मला झोप लागली आहे.

दर्यावर गेलाय का? मी विचारलं.
तिनं पहिल्यांदाच सुई थांबवली.
माझ्याकडे बघितलं, मग फॉर्मकडे.
"हो," म्हणाली. "दर्यावरच गेलाय."

मधल्या चौकटीत खूण केली.

लांगुरला साहेब विचारतील,
हा अजून पात्र नाही म्हणजे होणार कधी?
मी सांगेन, होडी हलत होती.
मुदत संपली की हे नाव गळेल, मला ठाऊक आहे.
नऊ उरले काय, आठ उरले काय,
शीड या बेटावर टिकेल की नाही
हे माझ्या खुणेनं ठरायचं नाही.
ठरेल दूरच्या एका खोलीत,
बेरजा मांडून, पहाटे तीनला.

निघताना बर्नादेतानं कागदात
दोन भाकऱ्या बांधून दिल्या.
नको, म्हटलं, पक्षाकडून काही घेता येत नाही.
"पक्षाच्या कुठल्या," ती म्हणाली,
"पक्षाला अजून चूल कुठाय?"

पिशवीत फॉर्म होते.
भाकऱ्या वेगळ्या धरल्या, हातात,
सगळा रस्ता.