बारा पावलं

आमच्या मैदानाला गेट नाही.
कौलांच्या बंद पडलेल्या कारखान्यामागं
तांबडी माती जिथं भट्टीच्या राखेनं काळी होते
तिथं उतरायचं आणि बूट बांधायचे.

क्लबचं नाव मलप्रभा स्पोर्टिंग, खानापूर.
पाटीवर वर कन्नडमध्ये, खाली मराठीत,
आणि मधे कुणीतरी डांबर फासलंय तिथं
कुठल्याच भाषेत नाही.
जिल्हा लीगचा तिसरा विभाग. चौथा नाहीच,
त्यामुळं खाली जायची भीती नाही.

रेषा मारायचा मशणू कुंभार.
रविवारी पहाटे, लोंढ्याकडची गाडी जायच्या आधी,
पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून
चुना सांडत चालायचा. दोरी नाही, टेप नाही.
दोन खांबांच्या मधोमध टाच टेकवायची
आणि मोजायचं: लाभ, दोन, तीन...
भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, तसं.
बारावर डबा पालथा.
ती पेनल्टीची जागा.

मी गोलकीपर. सोळा वर्षं झाली.
दस्तगीर ओरडतो, "हिंदे नोडो!"
जोकिम म्हणतो, "धाड हांगा!"
मी म्हणतो, "सोड की गा!"
चेंडू तिघांचंही ऐकतो
आणि आउट जातो.

सोळा वर्षांत पेनल्टी एकावन्न.
अडवल्या चार.
त्यातली एक तशीही बाहेरच चालली होती.
चहाच्या गाड्यावर माझ्या देखत बोलायचे,
"लुमाण्णा उडतोय चांगला,
खरं उशिरा उडतोय."

मशणू गेला गेल्या पौषात.
मग बेळगावहून असोसिएशनचा एक पोरगा आला,
गळ्यात ओळखपत्र, हातात टेप.
त्यानं मोजलं. कागदात पाहिलं. परत मोजलं.
आणि मशणूच्या ठिपक्याच्या अडीच फूट पलीकडं
नवा ठिपका मारला.

कुणी बोललं नाही.
मग दस्तगीर मैदानातच बसला हसत.
"म्हणून एवढे गोल खाल्लास की रे, लुम्या!"

म्हातारा दर रविवारी बारा पावलंच चालत होता.
गुडघा गेला, मग कंबर गेली,
बारा तेवढे बाराच राहिले.
आणि ठिपका, चुलीकडं सरकणाऱ्या मांजरासारखा,
माझ्याकडं येत राहिला.

आम्हीही तिथूनच मारत होतो म्हणा.
समोरचा कीपरही आपल्या माणसांच्या
तेवढ्याच शिव्या खात होता.
इकडं मोजणाऱ्यांची काही कमी नाही.
कोर्टात नकाशे पडून आहेत,
कुठलं गाव कुणाचं, यात माणसं पिकून गळाली.
खरं दोन्ही बाजूंना सारखी चुकलेली रेषा
मी एवढी एकच पाहिली.

परवा नंदगडच्या पोरांशी मॅच होती.
सत्तराव्या मिनिटाला पेनल्टी.
मारणारा पोरगा पलीकडं, नव्या ठिपक्यावर,
इतका लांब उभा
की मला त्याच्या बुटाची सुटलेली नाडी दिसली.
त्यानं मारला. मी उजवीकडं गेलो.
चेंडू यायच्या आधी पोचलोय
असं पहिल्यांदाच झालं,
आणि क्षणभर काय करायचं ते कळेना.

हरलोच. दोन-शून्य.
जोकिमनं तरीही मिठी मारली,
अंगाला विक्सचा वास.

सगळे गेल्यावर जाळी सोडली, घडी केली.
जुन्या ठिपक्यावर गवत उगवत नाही,
चुन्यानं जाळलंय.
खांबांच्या मधोमध टाच टेकवली.
लाभ, दोन, तीन,
घाई न करता,
आठ, नऊ.

बारावं पाऊल मशणूच्या ठिपक्यापुढं गेलं,
नव्याच्या एक वीत अलीकडं पडलं.

इकडंतिकडं पाहिलं.
कारखान्याच्या चिमणीवर घार, बाकी कुणी नव्हतं.
परत मोजलं नाही.