दोन मिनिटांची घंटा

सहा म्हणजे सहा. सदाशिव पेठेत
महासत्ता असली तरी उशिरा आलेली चालत नाही.
दोन तांब्या-भांडी, दोन शाली, दोन नारळ,
आणि टेबलाच्या कडेला मी,
पितळी घंटा पुढ्यात घेऊन.

विषय: अमेरिकेने जगात नाक खुपसावे काय?
(पत्रिकेत अर्थात सभ्य शब्द छापले होते.)

होनपबाई उठल्या. म्हणाल्या, त्यांनी नाही खुपसलं
तर दुसरं कुणीतरी खुपसेल,
आणि ते नाक याहून लांब असेल.
हशा. बाई थांबल्या, तो ओसरू दिला,
मग सिनेट, पेंटागॉन, मदतीचे अब्ज,
सगळं तोंडपाठ. पावकी-निमकी म्हणावी तसं.

निवृत्त कर्नल उदगीरकरांनी आधी नकाशा मागितला.
नकाशा शाळेचा. त्यात सोव्हिएत युनियन अजून शाबूत.
"हरकत नाही," म्हणाले,
"त्यांच्याही भिंतीवर बहुधा हाच असेल."
टाळ्या. पहिल्या रांगेत पानसे वकिलांनी
नापसंतीने चष्मा पुसला.

वक्त्याचं ऐकायचं नाही, हा टाइमकीपरचा धर्म.
ऐकलं की घड्याळ चुकतं.
म्हणून मला तो दिसला, मागे, दाराशी:
गोगट्यांच्या वरच्या खोलीत राहणारा,
संख्याशास्त्र शिकायला आलेला अफगाण मुलगा.
मराठीत त्याला 'कितीला' आणि 'पुरे' एवढंच येतं.
गोगटे म्हणाले असतील, चल, तुझ्याच देशाबद्दल आहे.

एवढ्या मराठीतून
त्याच्यापर्यंत फक्त गावांची नावं पोचत होती.
कंदाहार म्हटलं की मान वर.
हेलमंद म्हटलं की मान वर.
वर्गात हजेरीला येते तशी.
मधल्या क्रियापदांत तिथे काय काय होत होतं
हे त्याला कुणी सांगत नव्हतं.
गोगटे टिपणं काढत होते.

कर्नलसाहेब सैन्य मागे घेत होते.
अर्धं विमानात चढलं होतं,
अर्धं धावपट्टीवर.
माझा हात घंटेवर गेला.
"आणखी एक मिनिट," ते म्हणाले.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. नियम म्हणजे नियम.
मी वाजवली.
ते जिथे होतं तिथेच राहिलं, वाक्याच्या मधोमध.

मग आभार. मग चहा.
होनपबाईंनी कर्नलना गुडघ्याचं विचारलं,
त्यांनी डॉक्टरचं नाव दिलं, नंबर दिला.
पानसे म्हणाले, दोघांचंही मूळ गृहीतकच चुकीचं.

मुलाच्या कपात मी किटली तिरकी केली.
त्याने कपावर आडवा हात धरला.
पुरे, म्हणाला.
उच्चार स्वच्छ होता.