पान दोनशे अकरा

डिचोलीच्या वाचनालयातून आणली ही कादंबरी,
निळा पुठ्ठा, पाठीला चिकटपट्टी,
आणि तिसऱ्याच पानावर एक ग्रंथपाल
स्वतःच्या शिडीखाली मरून पडलेला.
मी औषधांच्या दुकानात असते.
दीड ते साडेतीन शटर अर्धं खाली,
समोरचा भुसारीही पोत्यावर आडवा झालेला,
तेवढ्या वेळात दोन-दोन प्रकरणं.

कथा पुस्तकांचीच. एका ग्रंथाच्या सात प्रती,
प्रत्येकीचा शेवट वेगळा,
आणि सातवी कपाटातून नाहीशी.
संशय तिघांवर: पुतण्या, विधवा, बाइंडर.

बत्तिसाव्या पानावर समासात पेन्सिल:
"डिंक ओला कसा? रविवारी तर दुकान बंद."
मी थांबले. मागे गेले. खरंच,
डिंक ओला होता, आणि मी ती ओळ
खोकल्याच्या बाटल्या मोजत ओलांडून गेले होते.

मग आम्ही दोघांनी मिळून वाचलं.
तो पुढे, मी मागे.
सत्तर: "विधवा खोटं बोलते, पण याबद्दल नाही."
एकशे चाळीस: छापातली चूक सुधारलेली,
ऱ्हस्वाचं दीर्घ, रागाने, दोनदा गिरवून.
एकशे अठ्ठ्याऐंशी: नुसतं "हं."
त्या "हं"वर मी एकटीच हसले दुकानात,
गिऱ्हाईक म्हणालं, बाय, बिलात काही चुकलं?

दोनशे अकराव्या पानावर:
"आता उद्या."
त्यानंतर समास कोरे.

पाऊणशे पानं मी एकटीने काढली.
शेवटी लेखकाने जुळा भाऊ आणला.
जुळा!
तीनशे पानं शिडी, डिंक, सात प्रती रचून
ऐनवेळी बेळगावच्या गाडीतून जुळा भाऊ उतरवला.
आणि ओल्या डिंकाचं? एक अक्षर नाही.
विसरला असेल. लेखकही विसरतात,
मी तर लोकांची पथ्यं विसरते.

रागाने पुस्तक आपटलं
तेव्हा मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातून
घडी घातलेला एक कागद पडला.
आमच्याच दुकानाचं बिल. माझंच अक्षर.
डॉक्टरांची अक्षरं लावणं हा माझा धंदा,
स्वतःचं लावायला वेळ लागला.
उपेंद्र कारापूरकर. रक्तदाबाच्या गोळ्या.
नग दहा.

आठवला. बुधवारच्या बाजाराचा दिवस,
हातात पिशवी, पिशवीत अळूच्या जुड्या,
खिशाला पेन्सिल, शाळामास्तरसारखी.
मी विचारलं होतं, महिन्याच्या देऊ का?
म्हणाला, दहाच दे. मग बघू.

वाचनालयात सुलक्षाला विचारलं.
"कारापूरकर? तो मगो बाय, नाताळाआधी
बांबोळीला नेला, तो परत आलाच नाही.
पुस्तक सुनेने आणून दिलं.
दंड मी घेतला नाही."

म्हणजे त्याला कळलंच नाही.
आधी वाटलं, अरेरे.
मग वाटलं, बरं झालं.
त्याच्यापुरता खून बाइंडरनेच केला,
रविवारी, बंद दुकानात, मागच्या दाराने,
सातव्या प्रतीचा शेवट बदलायला,
आणि ग्रंथपालाने हात लावून पाहिला
तर बोटाला डिंक लागला.
हे असंच घडलं असणार.
असंच लिहायला हवं होतं.

बिल मी दोनशे अकराव्या पानात ठेवलं.
रबर हातात घेतलं होतं, ते परत ड्रॉवरमध्ये टाकलं.
सुलक्षाने शिक्का उठवला, चार दिवस उशीर,
मला दंड लावला, आठ रुपये.
"वाचायला घेऊ का गो मी?
खुनी कोण, तेवढं आधीच सांग,
मला रात्री झोप येत नाही."

बाइंडर, मी म्हटलं,
आणि सुट्टे दोन रुपये परत घेतले.