दोन सूत

हरिपूरच्या रस्त्यावर, चिंचा संपतात तिथं
चित्रकलेच्या मास्तरांचं घर आता तिकिटाचं झालंय.
वीस रुपये. चपला बाहेर.
पहिल्याच खोलीत पाटी: हात लावू नये.

सगळं हातानंच केलंय की, मी म्हणाले.
मुजावरांची रुखसार हसली,
गळ्यातलं ओळखपत्र सरळ करून सांगू लागली:
मास्तर मुंबईहून शिकून आले ते हा हट्ट घेऊन,
की उलथनं टांगायचा खिळासुद्धा देखणा पाहिजे.
म्हणून दाराची मूठ हळदीच्या पानासारखी,
म्हणून खिडकीच्या गजांत जोंधळ्याची कणसं,
आणि खाली बघा मावशी,
दर सातव्या फरशीत एक मुंगी.
मी मुंगी शोधली.
तिला पाच पाय होते.

भिंतीवर छातीएवढी मातकट रेघ.
ही मास्तरांची नाही, रुखसार म्हणाली,
ही नदीची. एकोणीस सालची.
पुसायची नाही असं ठरलंय.

पुढं बैठकीत, दोरीपलीकडं, खुर्ची.
कागदावर मास्तरांचं नाव, साल त्रेसष्ट, लाकूड सागवान.
सागवान कुणी कापलं ते नव्हतं.

ही खुर्ची मी ओळखते.
हिच्या आधीच्या सहा जणी
मास्तरांनी परत पाठवल्या होत्या.
हिची पाठ ताठ आहे, हिचे हात जाड आहेत,
हिच्यावर बसता येतं, इठू, टेकता येत नाही.
अप्पा डोक्यावर घेऊन यायचे, एक शब्द न बोलता.
पाच चुलीत गेल्या.
सहावी राहिली. तिच्यावर कोंबडी अंडी घालायची,
तिच्यावर बसून मी पावकी पाठ केली,
थोरलीला बघायला आलेला मुलगा तिच्यावर बसला,
डुगडुगला,
आणि स्थळ मोडलं ते त्यामुळंच, असं आई मरेपर्यंत म्हणायची.
एक पाय दोन सूत आखूड.

कोपऱ्यात कपाट, तीन खणांचं.
तिसरा पुरापासून अडकलाय, रुखसार सांगत होती,
पुण्याचे साहेब आले, तेल सोडून गेले,
लाकूड फुगलंय म्हणाले.

मी दोरीखालून गेले.
मावशी, कॅमेरा आहे!
असू दे.

अप्पांचं लाकूड फुगत नाही असं मी म्हणणार नाही.
नदी घरात आली की सगळंच फुगतं.
पण हा खण कोरड्या दिवसांतही
सरळ ओढून उघडला नसणार.
आमच्याकडं असाच एक होता, गुळाचा,
पोरांच्या हाती लागू नये म्हणून केलेला.
जरा उचलायचा. आत ढकलायचा. मग ओढायचा.

आत वाळलेला गाळ, एक मेलेली गोम,
हळदीचा वास, की मला तसं वाटलं.
आणि बाजूच्या फळीवर शिसपेन्सिलीनं
एक दोनचा आकडा, पुढं आडवी रेघ.

अप्पांना अक्षर येत नव्हतं.
आकडे यायचे.
रेघ म्हणजे कमी करायचं.
एवढ्या पाण्यानं ती पुसली नाही
आणि मी मात्र बोट लावता लावता थांबले.

रुखसारनं पेन काढलं. नाव सांगा.
इठू सुतार, समडोळीचे.
तिनं लिहिलं, समडोळीतली वेलांटी आधी चुकवून.
आणखी काय लिहू?
लिही, उचलून ओढायचं.

घरी आले तर सहाव्या खुर्चीवर
इस्त्रीचे कपडे, त्यावर नातवाचा चार्जर.
आखूड पायाखाली दरवर्षी काहीतरी घडी करून जातं,
यंदा विजेचं बिल होतं.
ते काढलं, भरायचं राहिलंय.
त्याच्या जागी वीस रुपयांचं तिकीट, चौघडी करून.
बसून बघितलं.

पुरत नाही.