दव वाळल्यावर

मुरगूडच्या खाली, वेदगंगेच्या मळीला
बांधापासून बांधापर्यंत ऊस.
पाणंदीत वाकून आलेला, अंगाला कापणारा ऊस.
त्यात इंदाक्कानं दोन गुंठे मागितले.

दादू म्हणाला, दोन गुंठ्यांत किती टन निघतो, ठावं हाय?
ती म्हणाली, हाय की.
भादी उठताना कितींदा गुडघ्यावर येती,
ते तुमी मोजलंय?

पाच महिने नुसतं वाडं.
वाड्यानं पोट भरतं, हाडं रिती होतात.
डॉक्टर कॅल्शियमची बाटली लावून गेला,
पैसे घेऊन गेला,
म्हैस पुन्हा दावणीला तशीच, दगडासारखी बसून.

कार्तिकात तिनं घासाचं बी
गुळाच्या पाण्यात, जिवाणूंच्या काळ्या भुकटीत घोळलं,
सावलीत पोत्यावर पसरलं.
दादू म्हणाला, आता बियालाबी गूळ?
गुऱ्हाळ आपलंच हाय, ती म्हणाली.

मी डेअरीत असतो, फॅटच्या मशीनवर.
माणसांआधी किटल्या ओळखतो.
इंदाक्काची, मूठ तारेनं बांधलेली.
सहा-एक. महिन्याभरानं सहा-चार.
सहा-सात आलं तेव्हा मशीन पुसून
पुन्हा लावलं. तेच.

मग एका पहाटे ती किटली आली नाही.

शाळेला उशीर होतो म्हणून जोतिरामनं
अंधारातच घास कापला होता,
दवासकट, भारा भरून,
लाडानं घातला होता.
भादीची डावी कूस अशी चढली
की बोटानं वाजवली तर हलगी.
तोंडात आडवी काठी, पुढचे पाय चढावर,
बांबूच्या नळीतून गोडेतेल,
आणि पोरगं कोपऱ्यात, दप्तर पोटाशी धरून.

दादू ओरडला, उपटा तो घास!
ऊस असं कदी करत न्हाई.
इंदाक्का कूस चोळत राहिली.
ऊन ओसरीवर आलं
तेव्हा भादीनं ढेकर दिला,
लांब, आंबट,
आणि गोठ्यातले सगळे एकदम हसले. दादू सोडून.

आता गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलंय,
जोतिरामच्या अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ चुकवून:
दव वाळल्याबीगर ईळा लावु नये.
आदी कडबा, मग घास.

तिसऱ्या दिवशी मी गेलो होतो, विचारपूस म्हणून.
इंदाक्कानं खुरप्यानं एक रोप खणून काढलं,
माती झटकली.
मुळांना गाठी, नाचणीच्या दाण्याएवढ्या.
एक नखानं फोडली.
आत गुलाबी,
रेडकाच्या हिरडीसारखं.
मातीतबी रगत असतंय व्हय, ती म्हणाली,
मला नव्हे, त्या गाठीलाच.

दादू मागं येऊन उभा होता.
वाकला, बघितलं, काही बोलला नाही.
मग घासाच्या कडेनं पावलं मोजत निघाला,
एक, दोन, ओठांतल्या ओठांत.
कड संपली.
उसाच्या सरीत शिरून
तो आणखी सहा पावलं चालला.