भार टाकून मोज

यथार्थ फणसे, वय सतरा, चौथा मजला.
पत्त्याच्या पानाएवढा हिरवा बोर्ड
दोन्ही तळव्यांवर धरून दारात उभा,
घरट्यातून पडलेलं पिल्लू आणावं तसा.
"आंटी, लाल दिवा लागतो. हिरवा लागत नाही."

लोकमान्य नगरात एवढी ख्याती अजून उरली आहे माझी.
पोलोग्राउंडच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं मीटर तपासले,
म्हणून बिल्डिंगमधल्या इस्त्र्या, मिक्सर, दाराच्या घंट्या
सगळ्या माझ्याकडेच मरायला येतात.
पण हा निघाला कॉम्प्युटर. ना डबा, ना पडदा,
एका कडेला कंगव्यासारख्या चाळीस पिना.
म्हटलं, यातलं मला काही कळत नाही.
तो म्हणाला, मलाही नाही.
आणि चपला काढून आत आला.

कार्ड पुसून पुन्हा लिहिलं, तीनदा.
नॉव्हेल्टी मार्केटातून दुसरं आणलं, तेही लिहिलं.
टीव्हीची वायर बदलली. कीबोर्ड काढला.
मध्यरात्री एकदा फुंकर मारली
(सांगताना लाजला. म्हटलं, आम्हीही मारायचो).
हे सगळं बहिणीच्या माशांसाठी:
टाकीतलं पाणी किती गार होतं
ते कुणीतरी रात्रभर जागून बघायला हवं.

"आणि व्होल्टेज?"
"ओके आहे. पाच पॉइंट एक. मोजलं ना."
"बोर्ड जोडलेला होता तेव्हा?"
नव्हता.

सांवेर आठवलं.
डिसेंबर, गव्हाचं दुसरं पाणी.
दुपारी खांबाखाली मोजलं तर दोनशे तीस, अगदी छापील.
साहेबांनी तसं लिहून सहीसुद्धा ठोकली.
रात्री दहाला थ्री-फेज आली, एकेक पंप सुरू झाला,
आणि काटा बसत गेला:
दोनशे दहा. एकशे नव्वद. एकशे पासष्ट.
मोटारी नुसत्या घुमत राहिल्या, पाणी वर येईना.
गिरधारी लाइनमन मफलरातून म्हणाला,
"मॅडम, खाली हाथ तो सब पहलवान."

कपाटातून माझा मीटर काढला, काट्याचा,
पट्टा तुटलेला, काच पिवळी.
"पाच व्होल्ट कुठे येतात यात?"
त्यानं दोन पिना दाखवल्या, मी टोकं टेकवली.
"आता लाव. भार टाकून मोजायचं असतं, राजा."
काटा पाचावर चढला. बोर्ड जागा व्हायला गेला.
काटा चार पॉइंट तीनवर.
लाल दिव्याची पापणी लवली, क्षणभरच.
पुन्हा चढला, पुन्हा बसला.
त्याच्या नव्या मीटरचे आकडे एवढे चपळ नव्हते.

वायर बघितली. दोन मीटर, पांढरी, फोनची.
सोलली तर आतलं तांबं
बारीक शेवेपेक्षाही बारीक.

(इथे स्वतःबद्दल काही बोलणार नव्हते.
बंगळूरहून मुलगा विचारतो, कशी आहेस,
मी सोफ्यावरून सांगते, मस्त. पाच पॉइंट एक.
मी जिन्यात असते तेव्हा त्याचा फोन येत नाही.)

जुन्या टेबलफॅनची वीतभर जाड वायर सापडली.
त्यानं टोकं धरली, मी डाग दिला.
राळेचा वास घरात किती वर्षांनी.
हिरवा दिवा अडखळला, थांबला,
मग लुकलुकतच सुटला,
माझ्या टीव्हीवर पांढऱ्या ओळी वर वर पळू लागल्या,
आणि शेवटी एका रेघेवर थांबून
त्यांनी पासवर्ड विचारला.

यथार्थ गप्प.
"काय रे?"
"तिसऱ्यांदा लिहिताना ठेवला होता. रागात होतो, आंटी."

आता तो माझ्या सोफ्यावर बसून
येतील तेवढ्या शिव्या आठवतो आहे,
ओठांतल्या ओठांत म्हणून बघत, एकेक टाइप करत.
वर मासे गारठत असतील.
मी सोल्डरची इस्त्री गार होईपर्यंत
खिडकीकडे तोंड करून बसले आहे.