अठरा ग्रॅम

उपासाच्या पंचावन्न दिवसांत
गोंदारमधला खाटीक काय करतो?
सुऱ्यांना तेल लावतो. रिकामे आकडे पुसतो.
दारावरचा लाल क्रूस पुन्हा रंगवतो,
आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळून
शेजारच्या मसाल्याच्या दुकानात जाऊन बसतो.

तसे माझे वडील, वर्कनेह, बसले होते
हाजी नुरहुसेनच्या पोत्यांमध्ये, मिरचीच्या खकाण्यात शिंकत.
हाजीने नवं वजन आणलं होतं, किलोचं, कोऱ्या पितळेचं.
गंमत म्हणून वडिलांनी आपलं वजन आणून
दुसऱ्या पारड्यात ठेवलं.

ते पारडं वरच राहिलं.

हाजीने काट्यावर फुंकर मारली. पारडी बदलली.
मग चिमटीचिमटीने वेलदोडे टाकत गेला
काटा सरळ होईपर्यंत,
आणि तेवढे वेलदोडे सोनाराकडून तोलून आणले.
अठरा ग्रॅम.
"झिजलंय," तो म्हणाला. "पायऱ्या नाही का झिजत?"

त्या रात्री इंजेरावरची मसूर तशीच राहिली,
कडा वाळत गेल्या.
आईने विचारलं, "कोण गेलं?"

सकाळी अब्बा त्सेगाये यांनी
त्यांच्या कपाळाला क्रूस टेकवला.
म्हणाले, जाणून केलं नाहीस. तुझ्या मापात पाप नाही.
"पाप नसेल," वडील म्हणाले,
"मांस तर कमी होतं."

मग हिशेब. तो बोटांवर जमेना,
कारण अठरा ग्रॅम काही एका दिवसात गेले नव्हते.
पहिल्या वर्षी किती? दहाव्या?
कुठल्या मंगळवारी प्रामाणिक माणूस दुकानात शिरला
आणि संध्याकाळी दुसराच कोणी कुलूप लावून निघाला?
म्हातारी ऐतेनेश वर्षातून एकदा एक किलो न्यायची,
फासिकाला, रुमालाच्या गाठीतले पैसे सोडून.
ती आता चर्चमागे, निलगिरीखाली.
तिचं कसं फेडायचं?

मी चुलीपाशी ऐकत होते,
मांडीवर राखेची वाटी.
सातव्या वर्षापासून रोज संध्याकाळी
मीच घासायचे ते वजन,
राखेने, काथ्याने, तोंड दिसेपर्यंत.
गिऱ्हाइकं म्हणायची, पोरीचा हात पाहा!
तर इतकं भरलं ते कौतुक.

वडिलांनी उरलेला उपासभर
माझ्याकडे पाहिलं नाही.
त्यावरून मला कळलं, त्यांना कळलंय.

फासिकाच्या पहाटे बैल कापला.
रांग गल्लीच्या टोकापर्यंत.
नवं वजन, आणि काटा थांबला की
वर आणखी एक तुकडा, न तोलता, प्रत्येकाला.
कोणी विचारलं तर, "सण आहे."
खरं सांगायची त्यांना लाज नव्हती,
पण खऱ्यामागून पुढचा प्रश्न आला असता:
झिजवलं कोणी?

ऐतेनेशचा वाटा पानात बांधून
पायरीवरच्या एका अनोळखी माणसाला दिला.
त्याने उघडून पाहिलं.
"चरबी जास्त आहे," म्हणाला.

संध्याकाळी वडिलांनी नवं वजन माझ्यापुढे ठेवलं.
राखेची वाटी उचलून अंगणात पालथी केली.
"ओल्या फडक्याने पूस," म्हणाले.
"काळं पडलं तर पडू दे."